जेवणाआधीचा घास

'हॉर्मोन' हा शब्द अलीकडे आमच्या घरात मिठाइतका सहज वापरला जातो. वास्तविक या शब्दाचे वय फार नाही. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली आपल्या व्याख्यानांत तो प्रथम वापरला. 'मी चेतवतो, मी चालना देतो' अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्यांनी तो घडवला होता. मराठीतील 'संप्रेरक' हा प्रतिशब्द त्या अर्थाशी इतका जुळतो की, तो योजणाऱ्याला मनोमन दाद द्यावीशी वाटते. त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १९०२ साली, स्टार्लिंग आणि त्यांचे सहकारी विल्यम बेलिस यांना लहान आतड्याच्या अस्तरात एक द्रव्य सापडले होते. जठरातून आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरले की हे द्रव्य रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याची वर्दी देते. त्याचे नाव सिक्रेटिन. संप्रेरक म्हणून ओळखले गेलेले पहिले द्रव्य अन्नाच्या वाटेवर सापडले, ही गोष्ट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. संप्रेरकांचे शास्त्र जन्मले तेच मुळी जेवणाच्या ताटाजवळ.

आमच्या घरात सध्या तीन ग्रंथींचे राज्य चालते. आमच्या मातोश्रींचे वय एक्याऐंशी. त्यांचे स्वादुपिंड गेली वीस वर्षे कुरकुरत आहे, म्हणजे त्यांना मधुमेह आहे. आमच्या सौभाग्यवतींची अवटू ग्रंथी, जिला सारे जण थायरॉईड म्हणतात, मंदावली आहे. त्या रोज पहाटे उपाशीपोटी एक इवलीशी गोळी घेतात आणि त्यानंतर तासभर चहाला स्पर्श करीत नाहीत. आमच्या थोरल्या कन्येला वयाच्या बाविसाव्या वर्षी 'पीसीओएस' असल्याचे निदान झाले. मधुमेह नाही, थायरॉईड नाही, असे आम्ही एकटेच उरलो. आमच्या वाट्याला कोणतीच ग्रंथी न आल्यामुळे स्वयंपाकघर आले. छत्तीस वर्षे मुलांना बीजगणित शिकवून निवृत्त झालेला माणूस पदराला (म्हणजे खांद्यावरच्या पंचाला) हात पुसत ओट्यापाशी उभा राहतो, तेव्हा शेजारपाजारच्या स्त्रिया प्रथम हसतात आणि मग मीठ किती घातले ते विचारतात. आम्हाला दोन्ही आवडते.

थोरलीच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलायला आपल्या समाजात अजून जीभ अडखळते. एका बापाने तर ते लिहूच नये, असे काही वाचकांना वाटेल. तरीही लिहितो, आणि तिची अनुमती घेऊन लिहितो. तिची पाळी चार-चार महिने येत नसे. हनुवटीवर केस येऊ लागले, गालांवर पुटकुळ्या उठल्या, वजन वाढले. घरात कोणी पाहुणे आले की ती माडीवरून खाली येईनाशी झाली. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचून न पाहताच सांगितले, "लग्न करून द्या, सगळे जागच्या जागी येईल." त्या वाक्याने आमच्या मुलीला जे लागले, ते अहवालातील कोणत्याही आकड्याने लागले नव्हते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे कागदावर आकृती काढून समजावले, तेव्हा घरातल्या सर्वांनाच दुखण्याचे स्वरूप प्रथम उमगले.

ते स्वरूप थोडक्यात असे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून याचे वर्णन केले, म्हणून पूर्वी या दोषाला त्यांचेच नाव होते. या दोषात बऱ्याच जणींच्या शरीरातील पेशी इन्शुलिनची हाक नीट ऐकत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन पाठवते. हे वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करण्यास उद्युक्त करते, आणि त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात बनते त्याचे प्रमाण घटवते. परिणाम असा की स्त्रीबीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी लांबते, नको तेथे केस येतात. बारीक अंगाच्या मुलींनाही हा त्रास होतो; तेव्हा 'खाऊन खाऊन झाले' हा टोमणा शास्त्रालाही मान्य नाही. दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा दोष असतो आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना त्याचे निदानच झालेले नसते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या दुसऱ्या मिस्साला जेवढ्या तरुण मुली बसतात, त्यांच्याकडे पाहून आम्ही हा हिशेब मनात केला आहे. बीजगणिताच्या शिक्षकाची खोड जात नाही.

आता आपल्या पंगती पाहा. लग्न असो, बारशाचे जेवण असो, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा सोहळा असो की धर्मग्रामाचा सण असो, आमच्या वसईच्या पट्ट्यात पाहुणा आला की त्याच्या हाती प्रथम थंड पेयाचा पेला जातो आणि पाठोपाठ बशी येते. बशीत पोटॅटो चॉप असतात, पॅटिस असतात, कटलेट असतात, मैद्याच्या पारीत गुंडाळलेले काहीतरी असते. मग फुगे, विंदालू, भात आणि शेवटी केक. आम्हाला या बशीचा राग नाही. उलट पोटॅटो चॉपसारखी वस्तू ज्याने शोधून काढली त्याला आमचा नमस्कार आहे. परंतु रिकाम्या पोटी पहिला घास साखरपाण्याचा, दुसरा बटाट्याचा आणि तिसरा मैद्याचा, असा क्रम लागला की मधुमेही माणूस आणि आमच्या थोरलीसारखी मुलगी, दोघेही पंगतीच्या सुरुवातीलाच बाहेर पडतात. बसतात सर्वांसोबत, पण हात बशीकडे जात नाही. मग कोणीतरी मावशी मोठ्या मायेने विचारते, "का ग, डाएट करतेस का?" आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. एका पुतण्याच्या साखरपुड्यात हा प्रश्न एका संध्याकाळी पाच वेळा विचारला गेला. सहाव्यांदा कोणी विचारण्यापूर्वी ती डोके दुखते असे सांगून घरी निघून गेली. त्यानंतरच्या दोन सणांना ती आलीच नाही.

सल्ल्यांचा मात्र पूर आला. कोणी दालचिनीचे पाणी सांगितले, कोणी मेथीचे. 'हॉर्मोन संतुलित करणारी' म्हणून विकली जाणारी एक महागडी भुकटी नात्यातल्या एका गृहस्थांनी आणून दिली. तिच्या डब्यावर सर्व काही लिहिले होते, फक्त आत काय आहे ते नीट लिहिलेले नव्हते. थोरलीने स्वतः फोनवर वाचून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्या पंधरवड्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, असा क्रम काही महिने पाळला. या क्रमाला शास्त्राचा भक्कम आधार नाही. पण बिया हे अन्न म्हणून उत्तम, त्यामुळे आम्ही अडवले नाही. तिळाचा डबा तेव्हापासून ओट्यावर जो आला तो आजतागायत तेथेच आहे. सौभाग्यवतींना कोणीतरी साधे मीठ टाकून सैंधव वापरण्यास सांगितले होते, तेथे मात्र आम्ही हटून बसलो. अवटू ग्रंथीचे संप्रेरक आयोडीनवाचून बनत नाही आणि सैंधवात ते मिसळलेले नसते. देशाने आयोडीनयुक्त मिठासाठी १९६२ सालापासून कार्यक्रम राबवला, तो काही चवीसाठी नव्हे. आमच्याकडे आयोडीनयुक्त मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत राहते आणि पदार्थ शिजत आला की मगच पडते.

या सगळ्या गलबल्यात थोरलीच्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनाला फार धीर देऊन गेली. या दोषासंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे की, अमुक एकच आहार दुसऱ्या आहारापेक्षा श्रेष्ठ, असे दाखवणारा पुरावा नाही. समतोल, परवडणारा आणि वर्षानुवर्षे टिकवता येईल असा आहार घ्यावा, चालावे-फिरावे, आणि हो, वजनावरून त्या स्त्रीला कोणी लाजवू नये, हेही तेथे स्पष्ट आले आहे. म्हणजे जादूची भाजी नाही, तशीच निषिद्ध भाजीही नाही. हे कळल्यावर 'संप्रेरकांना मानवणारे जेवण' या भारदस्त शब्दप्रयोगाची आम्हाला वाटणारी धास्ती गेली. डाळी-कडधान्ये, भाज्या, दही-पनीर, मासे, दाणे-बिया यांचा वाटा वाढवायचा. मैदा, साखर आणि तळण यांचा कमी करायचा. आणि खाणाऱ्याला ते शिक्षा वाटता कामा नये. तिसरी अट सर्वांत अवघड.

त्यातच दुसरी एक माहिती वाचनात आली आणि आमच्यातला शिक्षक जागा झाला. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह असलेल्या अकरा जणांना तेच ते जेवण आठवड्याच्या अंतराने दोनदा दिले. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, आणि पंधरा मिनिटांनी कोंबडी व भाज्या. दुसऱ्यांदा नेमका उलट क्रम. पदार्थ तेच, प्रमाण तेच. भाज्या आणि प्रथिने आधी पोटात गेली, तेव्हा तासाभराने रक्तातील साखर पहिल्या क्रमापेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळली. इन्शुलिनही कमी लागले. अकरा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना कायम सांगत आलो. पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भाजीतील चोथा आणि प्रथिने आधी गेली की जठर सावकाश रिकामे होते, आतड्यातील संप्रेरके वेळेवर वर्दी देतात आणि मागाहून येणारा भात रक्तात एकदम उसळत नाही. पुन्हा तेच आतडे, तीच वर्दी. स्टार्लिंग साहेबांना आनंद झाला असता.

म्हणजे पंगतीआधीची बशी ही सुधारणेची खरी जागा. जेवणातला भात काढा म्हटले तर वसईत दंगल होईल. पण भाताआधीचा घास बदलला तर कोणाचे काय बिघडते? तो घास भाजीचा हवा, त्यात प्रथिन हवे, तो बोटांनी उचलून खाता यावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो सर्वांनी खावा. 'हे पेशंटसाठी वेगळे' अशी चिठ्ठी लावलेली बशी आमच्या मुलीला नको होती. आम्हालाही नको होती.

भरलेल्या भाजीकडे आम्ही वळलो ते मातोश्रींमुळे. त्यांच्या हातची भरली वांगी आणि जवळा घालून भरलेली कारली ज्यांनी खाल्ली आहेत, ते आजही वाटेत भेटले की आठवण काढतात. पण वांगे रश्शात पोहते. ते हातात धरून साखरपुड्याला उभे राहता येत नाही. बोटांत धरायला सोयीची म्हणून आम्ही ढोबळी मिरची निवडली. कोणी तिला भोपळी म्हणतात, उत्तरेकडे ती शिमल्याची झाली आहे. खरे तर मिरचीचे सारे कूळ अमेरिका खंडातले, आणि आपल्या किनाऱ्यावर ती आणली पोर्तुगीजांनी. ज्यांनी १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे वसईवर राज्य केले, त्यांनी मागे काय ठेवले यावर वाद होतात. मिरचीबद्दल मात्र एकमत असावे. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत अवघे वीसेक उष्मांक असतात आणि 'क' जीवनसत्त्व भरपूर. शिजवताना त्यातले काही जाते, पण सगळे जात नाही.

कृती सांगतो. आठ लहान, घट्ट, चकचकीत मिरच्या घ्याव्यात. सगळ्या मिळून अर्ध्या किलोपेक्षा जास्त नकोत. मोठ्या घेतल्या तर तो नाश्ता न राहता जेवण होते. देठ न काढता प्रत्येकीचे उभे दोन भाग करावेत. देठ राहू दिल्याने होडीला नाळ राहते, सारण बाहेर येत नाही आणि धरायलाही सोपे जाते. बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून, आतून चिमूटभर मीठ चोळून होड्या दहा मिनिटे परातीत पालथ्या घालाव्यात. त्यांना सुटलेले पाणी टाकून द्यावे आणि आतून कोरड्या पुसाव्यात. ही पायरी गाळली की मिरची तव्यावर रडत बसते.

सारणाचा जीव हिरव्या मुगात आहे. अर्धी वाटी मूग आठ तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून रात्रभर ठेवावेत. मोड बोटाच्या पेरापर्यंत वाढवण्याची ईर्ष्या नको. दाण्याने नुकते तोंड उघडलेले पुरे. मग पाच-सहा मिनिटे वाफवून, कोमट असतानाच वाटीच्या बुडाने ओबडधोबड ठेचावेत. मिक्सर वापरू नये. मिक्सरने लगदा होतो, आणि लगदा दातांखाली काही सांगत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात चोविसेक ग्रॅम प्रथिने असतात व चोथाही भरपूर. बटाट्याच्या सारणाला पर्याय म्हणून आम्ही मूग घेतला तो याचसाठी.

लोखंडी तव्यावर एक चमचा तेल टाकून बारीक चिरलेला एक कांदा परतावा. तो गुलाबी झाला की ठेचलेले आले, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, हळद आणि चमचाभर बाटलीतला मसाला घालावा. हा मसाला घरोघरी वेगळा. उन्हाळ्यात मिरच्या-धणे वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांनी घरातला कोणताही तिखट-गरम मसाला घ्यावा, फक्त विकतच्या मसाल्यात आधीच मीठ आहे का ते पाहावे. मसाल्याचा वास सुटला की ठेचलेले मूग घालून दोन मिनिटे परतावे आणि तवा उतरवावा. सारण पूर्ण निवल्यावर त्यात दीडशे ग्रॅम कुस्करलेले पनीर, दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट, एक मोठा चमचा भाजलेले तीळ, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कोरडे भाजलेले बेसन मिसळावे. बेसन ओलावा शोषून घेते आणि सारणाला धरून ठेवते. मीठ सर्वांत शेवटी, भरण्याच्या अगदी आधी. लवकर घातले तर पनीर आणि कांदा दोघेही पाणी सोडतात. पनीर आम्ही घरी करतो. लिटरभर म्हशीचे दूध लिंबाने फाडले की दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळते. उरलेले पाणी मातोश्रींच्या भाकरीच्या पिठात जाते.

होड्या काठोकाठ, पण चेपून नव्हे, अशा भरायच्या. तव्यावर पुन्हा चमचाभर तेल पसरून त्या सारणाची बाजू वर करून ठेवाव्यात, झाकण घालावे, आच मंद करावी. दहा-बारा मिनिटांत मिरचीची पाठ मऊ होऊन तिच्यावर तपकिरी डाग उमटतात. मग झाकण काढून एकेक होडी उलथण्याने हलकेच पालथी करावी आणि दोन मिनिटे तशीच ठेवावी. बेसन आणि तीळ तव्याला लागून सारणावर जी खरपूस पापडी धरते, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. सोळा होड्या होतात. पाच-सहा माणसांना जेवणाआधी पुरतात. सोबत पुदिना-कोथिंबिरीची चटणी, किंवा घट्ट दह्यात लसूण ठेचून. टोमॅटोचे गोड बाटलीबंद सॉस मात्र देऊ नये. ज्या साखरेला दारातून घालवले तिला खिडकीतून आत घेण्यासारखे ते होईल.

मातोश्रींच्या मोजक्या दातांना मिरचीची साल झेपत नाही. त्यांच्यासाठी पडवळ. दोन-दोन इंचांच्या नळ्या कापून, आतला गर काढून, पाच मिनिटे वाफवून त्यांत हेच सारण भरायचे आणि तव्यावर लोळवायचे. पडवळ आमच्याच भागात पिकते, स्वस्त पडते, आणि खरे सांगायचे तर आम्हाला मिरचीपेक्षा तेच अधिक रुचते. पण तरुण मंडळींना पडवळ म्हटले की आजारपण आठवते. आगाशीकडची राजेळी केळ्यांची सुकेळी कोणी आणली की मातोश्री अजूनही एक तुकडा तोंडात टाकतात. त्या आधी पडवळाच्या तीन नळ्या खातात आणि आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहतात. ज्यांना मासळीवाचून चव लागत नाही त्यांनी पनीरऐवजी धुऊन भाजलेला सुका जवळा घालावा, आणि मग मीठ निम्मे करावे. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मात्र मूग-पनीराचेच करावे; ते त्या दिवसाच्या साधेपणाला शोभते.

हा पदार्थ प्रथम घराबाहेर पडला तो गेल्या वर्षीच्या सणाला. सणाचे जेवण त्या वर्षी आमच्याकडे होते, तीसेक माणसे. थोरली आदल्या संध्याकाळी खाली आली, ओट्यावरचा ढीग पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकटे एवढ्या मिरच्या कापणार? मध्यरात्र होईल." तिने सुरी घेतली. बोलणे फारसे झाले नाही. बिया काढता काढता तिने एवढेच विचारले, "उद्या कोणी विचारले, की हे तुझ्यासाठी केले का, तर काय सांगू?" आम्ही म्हणालो, "सांग की पप्पांना एवढेच येते." ती हसली. कितीतरी महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी थंड पेयांच्या जागी कोकमाचे बिनसाखरेचे, जिरे घातलेले पाणी होते आणि बशीत फक्त होड्या होत्या. पोटॅटो चॉप जेवणाबरोबर वाढले. त्यांना वनवास दिला नाही. कोणी काही विचारले नाही, कारण विचारायला जागाच उरली नव्हती. सगळ्यांच्या हातात तेच होते. थोरलीने बशी फिरवली. पंगतीत तिने थोडा भात घेतला, एक पोटॅटो चॉपही खाल्ला. कोणी मोजले नाही.

हात धुताना ती पूर्वीची प्रश्न विचारणारी मावशी आमच्या सौभाग्यवतींना बाजूला घेऊन गेली. तीन होड्या तिने खाल्ल्या होत्या, हे आम्ही पाहिले होते. आम्हाला वाटले, कृती विचारत असेल. तिने विचारले ते वेगळेच. तिच्या सुनेला लग्नाला चार वर्षे झाली तरी मूल नाही. तिलाही हेच निदान झाले आहे. घरात कोणाला सांगितलेले नाही, मुलाच्या सासरीही नाही. "तुमच्या मुलीला कोणत्या डॉक्टरांचा गुण आला?" हे विचारताना ती बाई रडू लागली, आणि आमची सौभाग्यवतीही. भरल्या मिरचीने हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. पण माणसे एकाच बशीतून खातात तेव्हा काही गोष्टी सांगायला सोप्या जातात, हेही खरे.

थोरलीची प्रकृती विचाराल तर ती औषधे घेते, सकाळी पाऊण तास समुद्राच्या दिशेने चालून येते, रात्री वेळेवर झोपण्याचा प्रयत्न करते. पाळी आता दीड महिन्याच्या आत येते. हनुवटीवरचे केस पूर्ण गेलेले नाहीत; डॉक्टर म्हणतात, त्याला वेळ लागतो. मातोश्रींची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरली. त्याचे श्रेय कोणत्या गोळीला आणि कोणत्या पडवळाला, हे सांगता येणार नाही. ज्यांना असे त्रास असतील त्यांनी डॉक्टरांकडे जावे, आणि पहिल्या डॉक्टरांनी ऐकून घेतले नाही तर दुसऱ्यांकडे जावे. मिरच्या त्यानंतर.

मावशीची सून आता महिन्यातून एखाद्या रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे येते. दोघी मुली ओट्यापाशी उभ्या राहून काय बोलतात ते आम्हाला ऐकू येत नाही आणि आम्ही ऐकण्याचा प्रयत्नही करीत नाही. मसाला आमच्या हाताने जास्त पडतो, असे दोघींचे मत पडले आहे. येत्या सणाला मावशीच्या घरी पंगत आहे. चाळीस माणसे, म्हणजे शंभराच्या आसपास होड्या लागतील. सुनेने करायचे कबूल केले आहे. मूग मात्र आदल्या दिवशी सकाळीच भिजत घालावे लागतात, आणि एवढ्या मुगांना मोठे फडके लागते, हे तिला आम्ही दोनदा सांगितले आहे.